पात्याची धार तुटते? तेलाआधी ताव तपासा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वारज्याच्या एका तरुणाने जुन्या बाजारातून ट्रकच्या कमानीचा पाटा आणला आणि घरामागच्या गॅसभट्टीवर ठोकून त्याची स्वयंपाकघरातली मोठी सुरी घडवली. पातं झगझगीत केशरी होईपर्यंत तापवून गार शेंगदाणा तेलात सोडलं. कानस लावून पाहिली तर ती सरकली, धरली नाही. पुढच्या रविवारी पातं घरच्या ओव्हनमध्ये १८० अंशांवर तासभर ठेवलं. मूठ बसवली, धार लावली आणि थोड्याच दिवसांत करवंटीला लागून धारेचा अर्धगोल टवका उडाला. मोडल्या जागी साखरेसारखे चमकते कण दिसतात. पातंही मधोमध एका बाजूला झुकलंय. त्याचे प्रश्न तीन: तेल बदलू का, गाडीचं जळकं ऑइल त्यापेक्षा बरं का, आणि ही सुरी वाचेल का.

तेल बदलून काही साधणार नाही. कानस सरकली, म्हणजे तेलाने आपलं काम केलं, पातं कडक झालं. बिघाड झालाय तो त्याच्या आधी, भट्टीत. मोडल्या जागचे ते कण त्याचीच साक्ष देतात. मी भोसरीच्या हीट ट्रीटमेंट शॉपमध्ये आयुष्य काढलंय. तिथे तुटलेला माल आला की आधी तो उजेडात तिरका धरून मोड बघायची, मग बाकीची चौकशी. योग्य तावावर, म्हणजे हवं तेवढंच तापवून, कडक केलेल्या पोलादाची मोड करडी, मऊ दिसणारी, जवळजवळ चमक नसलेली असते. एकेक कण सुटा दिसू लागला तर ते पोलाद फार तापलंय, किंवा फार वेळ तापत ठेवलंय. मग ते कितीही कडक झालं तरी कणांच्या सांध्यातून फाटत जातं.

यामागचं कारण समजून घ्या, कारण सगळी कृती त्यावरच उभी आहे. पोलाद सुमारे ७२७ अंशांच्या वर गेलं की त्याची आतली रचना बदलू लागते आणि कार्बन त्यात विरघळू लागतो. नेमकी हीच रचना झटक्यात थंड केली की कडकपणा येतो. पण याच अवस्थेत कण वाढायलाही सुरुवात होते. ताव जितका जास्त आणि वेळ जितका लांब, तितके कण मोठे. कमानीच्या पाट्याला कडक व्हायला ८३० ते ८५० अंश पुरेसे आहेत. झगझगीत केशरी म्हणजे ९५० च्या आसपास, कधी त्याच्याही वर. शंभर अंशांची ही जास्तीची आग तुमच्या सुरीला नडली.

रंगावर भरवसा ठेवायचा तर जागा अंधारी हवी. दुपारच्या उन्हात जे पातं जेमतेम लाल दिसतं, तेच संध्याकाळी पत्र्याच्या शेडखाली भडक केशरी दिसतं. उघड्या अंगणात काम करणारे बहुतेक जण याच कारणाने पातं जास्त तापवतात. भट्टी सावलीत घ्या, शक्यतो सूर्य मावळल्यावर पाणी द्यायला, म्हणजे तापलेलं पातं तेलात सोडून कडक करायला, बसा.

लोहचुंबक वापरा, पण त्याचं ऐकायचं किती ते ठरलेलं आहे. लोखंडाचं चुंबकत्व ७७० अंशांना जातं. चुंबक चिकटेनासं झालं की समजायचं, आपण दाराशी आलोय. अजून साठ-सत्तर अंश चढायचंय, म्हणजे रंगात एक छटा वर, जास्त नाही. घरात सापडणारी दुसरी खूण म्हणजे मीठ. साधं मीठ ८०१ अंशांना वितळतं. तापलेल्या पात्यावर चिमूटभर टाकलं आणि ते पाण्यासारखं पसरलं की ८०० ओलांडले. चष्मा मात्र घाला. मीठ कोरडं असू द्या, ओलं मीठ तडतडून डोळ्यात उडतं.

या दोन्हींपेक्षा मला जास्त भरवशाची वाटते ती पात्यावरची सावली. अंधारात पातं हळू तापवा, मागेपुढे हलवत राहा. एका क्षणी लाल झालेल्या पात्यावर काळपट सावल्या फिरताना दिसतील. भट्टीची आग कमी झालेली नसते. पोलाद रचना बदलताना उष्णता पिऊन घेतं, म्हणून तेवढा भाग मागे राहतो. सावली आधी पातळ भागातून, म्हणजे धारेकडून सरते आणि शेवटी पाठीच्या जाड भागात जाऊन विरते. शेवटची सावली विरली, रंग सगळीकडे एकसारखा झाला, की थोडा आणखी ताव द्यायचा आणि तेलात सोडायचं. उलटही बघता येतं. पातं बाहेर काढून हवेत धरा. ते काळवंडत जातं आणि मग मध्येच, कुणी हात लावलेला नसताना, पुन्हा उजळतं. प्यालेली उष्णता पोलाद परत सोडतं, त्याचा तो उजेड. हा खेळ एखाद्या टाकाऊ तुकड्यावर मनसोक्त बघून घ्या. एकदा डोळ्यांना कळलं की थर्मामीटर नसला तरी अडत नाही.

सुरी घडवण्याआधी त्याच पाट्याची एक पट्टी कापून हा प्रयोग अवश्य करा. बोटभर रुंद, वीतभर लांब पट्टी घ्या. अंगठ्याच्या पेराएवढ्या अंतरावर कानशीने आडव्या खाचा पाडा. एक टोक भट्टीच्या ऐन आगीत ठेवा, दुसरं बाहेर. तापलेलं टोक पिवळं, मधला भाग लाल, शेवटचा जेमतेम काळपट लाल असा ताव उतरता झाला की पट्टी तेलात बुडवा. गार झाल्यावर चिंधीत गुंडाळून, व्हाइसमध्ये धरून, खाचेखाचेला मोडत जा. गॉगल लावल्याशिवाय नाही. पिवळ्या टोकाचे तुकडे काडकन मोडतील आणि कण मोठे, चमकते दिसतील. पुढे सरकाल तसे कण बारीक होत जातील. एका तुकड्याची मोड सगळ्यांत मऊ आणि करडी दिसेल, कानसही तिथे सरकेल. तोच तुमचा ताव. त्याच्या पुढचे तुकडे मोडण्याऐवजी वाकतील, कारण ते कडकच झाले नाहीत. तुमचा पाटा, तुमची भट्टी, तुमचे डोळे यांचा मेळ या एका पट्टीत बसतो, कुठल्याही तक्त्यापेक्षा चांगला.

आता घडवण्याबद्दल. ठोकून पोलाद दाट होतं, त्याची ताकद वाढते असं बरेच जण सांगतात. तसं होत नाही. हातोडा आकार देतो, पोलाद वाचवतो आणि पुष्कळदा नुकसानही करतो. कमानीचा पाटा १००० ते ११०० अंशांना, म्हणजे झगझगीत केशरी ते पिवळसर असताना, मोकळेपणी ठोका. लाली मंदावली की ऐरणीवरून उचला. काळवंडल्यावर मारलेला प्रत्येक घाव आत भेग पेरतो आणि ती भेग पुढे पाणी देताना तोंड उघडते. दुसऱ्या बाजूने, भट्टीत पात्यातून फुलबाजीसारख्या ठिणग्या उडू लागल्या तर तेवढा भाग जळला. तो कापून टाका, कुठल्याही उपायाने तो परत येत नाही. शेवटचे एकदोन ताव मुद्दाम कमी ठेवा आणि तेव्हा फक्त सरळ करण्यापुरते हलके घाव घाला.

घडवून झाल्यावर पाणी देण्याआधी एक पायरी येते आणि तुमच्या वर्णनात ती कुठेच नाही. तिला नॉर्मलायझिंग म्हणतात. पातं ८७० अंशांपर्यंत तापवा, बाहेर काढून वारा नसलेल्या जागी हवेत टांगा, काळं होऊ द्या. पुन्हा तापवा, या वेळी ८४० च्या आसपास. तिसऱ्यांदा ८०० च्या थोडं खाली. पंख्याखाली नाही, ओल्या फरशीवर नाही, वाळूत पुरूनही नाही. दर वेळी रचना नव्याने घडते आणि कण बारीक होत जातात. ठोकताना भरलेला ताणही निघून जातो. तुमचं पातं झुकलं त्याचं अर्धं कारण इथेच आहे. अडकून बसलेला ताण तापल्यावर सुटतो आणि पातं वाटेल तिकडे वळतं.

उरलेलं अर्धं कारण घासण्यात असतं. धारेच्या दोन्ही बाजू सारख्या घासलेल्या नसल्या तर पातळ बाजू आधी थंड होते आणि पात्याला ओढते. पाणी देण्याआधी धार कधीही पातळ करू नका. दीड मिलिमीटरच्या आसपास जाडी राहू द्या, बाकीचं नंतर काढता येतं. ग्राइंडरच्या आडव्या खोल रेघा जाऊ देऊ नका, तडा तिथूनच सुरू होतो. १२० नंबरच्या बेल्टने लांबीच्या दिशेने घासून घ्या. पातं तेलात सोडताना टोकाकडून किंवा धारेकडून सरळ खाली जाऊ द्या आणि वर-खाली किंवा धारेच्या रेषेत पुढे-मागे हलवा. आडवं ढवळलं की झुकलंच म्हणून समजा.

तेलाचं उत्तर आता देतो. शेंगदाणा तेल चालतं, फक्त ते गार नको. ५० ते ६० अंशांना तापवून घ्या. एक लोखंडी तुकडा लाल करून तेलात बुडवला की तेल तेवढं तापतं. कोमट तेल पातळ होतं, पात्याभोवती वाफेचा जो पडदा धरतो तो लवकर फोडतं आणि उष्णता भराभर ओढून घेतं. गार तेल दाट असतं, त्यात हेच काम रेंगाळतं. एका सुरीला चार-पाच लिटर तरी तेल हवं. गाडीचं जळकं ऑइल वापरू नका. त्यात धातूचा चुरा आणि रसायनं असतात, त्याचा धूर छातीत जातो, आणि कडक करण्याच्या बाबतीत ते शेंगदाणा तेलाहून सरस तर नाहीच. भांडं लोखंडी आणि झाकणाचं असावं, प्लास्टिकची बादली कधीही नको. तेल पेटलं तर झाकण टाकायचं. पाणी ओतलं की पेटतं तेल घरभर उडतं. अंगात सुती कपडे घाला, सिंथेटिक अंगावर वितळतं.

मग लोहार पाण्यात कसं काय करतात, असं विचाराल. पावसाळा तोंडावर आला की रस्त्याकडेला पाल टाकून घिसाडी बसतात, घरातली बाई घण मारते, माणूस सांडशीत खुरपं फिरवतो. कधी थांबून नीट बघा. ते अख्खं खुरपं पाण्यात बुडवत नाहीत. फक्त धार टेकवतात, बाहेर काढतात, विटकरीने एक हात घासून पांढरी जागा करतात आणि पाठीतली उरलेली ऊब धारेकडे कशी सरकते ते त्या पांढऱ्या जागेवर पिवळ्या-तांबड्या रंगात बघतात. हवा तो रंग धारेशी पोहोचला की पुन्हा पाण्यात. कडक करणं आणि नरम पाडणं एकाच तावात उरकतं. त्यांच्या हाताला आपल्या तक्त्यांची गरज नाही. तुमचं माझं तसं नाही. म्हणून कमानीच्या पाट्याला पाण्यात घालू नका. त्यात मँगनीज आणि बहुतेक वेळा क्रोमियम असतं, ते तेलातही पुरेसं कडक होतं आणि पाण्यात तडकतं.

तेलातून काढताना एक संधी मिळते ती सोडू नका. पातं हात न लावण्याइतकं गरम, पण धुमसायचं थांबलेलं असेल, साधारण २०० अंशांच्या पुढेमागे, तेव्हा ते अजून पुरतं कडक झालेलं नसतं. काही सेकंद मिळतात. जाड चामडी हातमोजे घालून, दोन लाकडी फळ्यांमध्ये दाबून ते सरळ करा. एकदा गार झालं की जोर लावू नका, काचेसारखा आवाज करत मोडतं.

आणि टेंपरिंग, म्हणजे कडक पातं मंद तापवून थोडं नरम पाडणं, त्याच दिवशी. पुढच्या रविवारपर्यंत थांबलात ही तुमची दुसरी मोठी चूक. नुकतं कडक झालेलं पातं आतून इतकं ताणलेलं असतं की कपाटात ठेवल्या जागी तडा जाऊ शकतो. हाताला सोसेल इतकं गार झालं की लगेच ओव्हनमध्ये. सुरीसाठी २०० अंश, दोन तास. बाहेर काढून पूर्ण गार होऊ द्या आणि पुन्हा दोन तास. घरच्या ओटीजीचा काटा १८० म्हणतो तेव्हा आत १६० असतं आणि २१० सुद्धा. वेगळा ओव्हन थर्मामीटर घ्या, एका ट्रेमध्ये कोरडी वाळू भरून पातं त्यात पुरा, म्हणजे तापमानाचे हेलकावे पात्यापर्यंत पोहोचत नाहीत. रंगावर इथे विसंबू नका. फिकट पिवळा २०५ चा, तपकिरी २५० चा, निळा ३०० चा, हे सगळं थोड्या वेळच्या तापवण्याला लागू पडतं. दोन तास ठेवल्यावर कमी तापमानालाही रंग गडद येतो.

करवंटी, हाडं, ओलं लाकूड अशा कामाला जो कोयता करायचा त्याला २३० ते २४० अंशांपर्यंत न्या. कडकपणा थोडा उतरतो, धार लवकर लावावी लागते, पण टवका उडत नाही. २६० च्या वर मात्र जपून. साधारण २६० ते ३७० या पट्ट्यात बहुतेक पोलादं नरम होऊनही ठिसूळ बनतात. पाठ निळी, म्हणजे जास्त नरम, करायची असेल तर धार पाण्यात बुडवून ठेवून फक्त पाठीवर गॅसची टॉर्च फिरवा.

टेंपरिंगनंतर घासताना हातमोजे काढून काम करा. पातं बोटांना चटका देऊ लागलं की पाण्यात. धारेवर निळा ठिपका दिसला तर तिथला कडकपणा गेला, त्या ठिपक्याखालचं सगळं घासून टाकण्यावाचून इलाज नाही.

कानशीने तपासतानाही एक सांभाळा. तापवताना पात्याच्या वरच्या थरातला कार्बन जळतो. तो थर नरम असतो, कानस त्याला धरते आणि माणूस घाबरून पुन्हा पाणी द्यायला धावतो. दोन-चार हात घासून आतल्या पोलादापर्यंत जा, मग ठरवा. नेमका आकडाच हवा असेल तर भोसरी किंवा पिंपरीत एखाद्या हीट ट्रीटमेंटवाल्याकडे कडकपणा मोजणाऱ्या रॉकवेल मशीनवर बघून घ्या. स्वयंपाकाच्या सुरीला ५८ ते ६० एचआरसी (त्या मशीनचं माप), कोयत्याला ५५ ते ५७. मशीनचा ठसा मुठीजवळच्या सपाट भागावर घ्यायला सांगा, उतारावर आकडा चुकतो.

जुन्या बाजारातल्या पाट्याबद्दल मला खरी काळजी वाटते. तो सुप ९ या जातीच्या पोलादाचा आहे की एन ४५ की आणखी कुठल्या, हे बघून कळत नाही. लाखो खड्डे खाल्लेल्या पाट्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगाही असतात. हात बसेपर्यंत ठीक आहे. चांगली सुरी करायची तर नवी पट्टी घ्या, टेस्ट सर्टिफिकेट मागून घ्या. पहिल्या सुऱ्यांसाठी ०.७५ ते ०.८५ टक्के कार्बनचं साधं पोलाद सगळ्यांत सोपं. त्याला तेलात सोडताना मात्र क्षणाचाही उशीर चालत नाही. बेअरिंगचं एन ३१ धार सुंदर धरतं, पण ८४० च्या आसपास दहा मिनिटं स्थिर ठेवावं लागतं, ते गॅसभट्टीत सगळ्यांना जमत नाही. एन ८ च्या शाफ्टमध्ये कार्बन ०.४ टक्के, त्याची सुरी होत नाही. डी २ ला हजार अंशांच्या वर बराच वेळ धरावं लागतं, ते एमआयडीसीत भट्टीवाल्याकडे द्या. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप किंवा पत्रा भट्टीत कधीही घालू नका, त्याचा पांढरा धूर ताप आणतो.

आणखी एक गोष्ट पुण्यात राहून सांगायलाच हवी. शस्त्रविषयक नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारं येतात, घरगुती आणि शेतीच्या कामाची अवजारं त्यातून वगळली आहेत. केलेला कोयता शेतावर किंवा घरात असू द्या, गाडीच्या डिकीत ठेवून गावभर फिरू नका.

आता ही सुरी. मूठ काढा. पात्यावर रॉकेल चोळा, थोड्या वेळाने कोरडं पुसून खडूची पूड भुरभुरवा. भेग असेल तर आत मुरलेलं रॉकेल खडूवर काळी रेघ उमटवतं. टवक्यापासून आत जाणारी रेघ दिसली तर ती संपते त्याच्या बोटभर पुढपर्यंतचा भाग कापून टाका. रेघ नसेल तर टवक्याची खोली संपेपर्यंत धार मागे घासा, दीड मिलिमीटर जाडी राखा, तीनदा नॉर्मलायझिंग करा आणि त्याच दिवशी कोमट तेल व ओव्हन दोन्ही तयार ठेवून पुन्हा पाणी द्या. झुकलेलं पातं गार असताना ठोकून सरळ करू नका. पहिल्या नॉर्मलायझिंगच्या तावातच ऐरणीवर हलक्या हाताने सरळ होईल. पातं थोडं अरुंद होईल. चिरायला, भाजी कापायला ते उत्तम राहील, करवंटीला मात्र वेगळा कोयता करा.